पाचटाच्या गाठी फोडणारा बेल श्रेडर: 11 महिने, 210 तासांचा अनुभव

मागच्या बेंदराच्या आठवड्यात श्रेडर दारात आला. आता दुसरा बेंदूर महिन्यावर आलाय. वहीत लिहिलेले कामाचे तास 210 भरतात, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आमचं शेत कोरेगाव तालुक्यात. 6 एकर ऊस, दीड एकर आलं आणि गोठ्यात 9 जनावरं. पाचट जाळायचं बंद करून 4 वर्षं झाली. फड तुटला की बेलरवाला येतो आणि 20-25 किलोच्या चौकोनी गाठी बांधून देतो. प्रश्न पुढचा होता. अखंड पाचट आल्याच्या बेडवर टाकलं तर ते वाऱ्यानं एका बाजूला गोळा होतं, ठिबकच्या नळ्यांत अडकतं आणि खालून येणारा कोंब वाकडा होतो. कुट्टी केलेलं पाचट मात्र बेडवर बसून राहतं. गोठ्यात खाली पसरलं तर मूतही चांगलं शोषून घेतं. या दोन कामांसाठी मशीन घेतलं आणि ही दोन्ही कामं ते उत्तम करतं. 50 एचपीच्या ट्रॅक्टरवर तासाला 45-50 गाठी होतात. सोयाबीनच्या भुसकटाच्या गाठी याहून लवकर फुटतात, मक्याचा कडबा थोडा जड जातो.

पण मी लिहायला बसलोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा फिरता दांडा म्हणजे पीटीओ शाफ्ट. मशीनबरोबर आलेल्या या शाफ्टवर प्लॅस्टिकचं गार्ड होतं. गार्ड शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याला दोन्ही टोकांना बारीक साखळ्या असतात, त्या एका बाजूला ट्रॅक्टरला आणि दुसऱ्या बाजूला मशीनला अडकवायच्या. विक्रेत्याच्या माणसानं जोडणी करताना त्या तशाच लोंबत ठेवल्या आणि मीही विचारलं नाही. पंधरा दिवसांत गार्ड शाफ्टबरोबर फिरून ट्रॅक्टरकडच्या टोकाला फुटलं. फुटलेला तुकडा काढून मी काम चालू ठेवलं. ही चूक सर्वस्वी माझी.

दिवाळीनंतरची गोष्ट. तात्या, म्हणजे माझे चुलते, खांद्यावर टॉवेल टाकून ट्रॅक्टरजवळ आले. मी म्हणालो, "तात्या, टॉवेल खाली ठेवा आधी." ते म्हणाले, "आरं, पन्नास वरसं मळणी काढली मी, मला शिकवतोस व्हय?" तेवढ्यात ते पिन बघायला वाकले आणि टॉवेलचं टोक उघड्या क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या फिरत्या सांध्याला लागलं. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला 9 फेरे. अख्खा टॉवेल गुंडाळला जायला जेमतेम सेकंद लागला. टॉवेल खांद्यावर नुसता टाकलेला होता म्हणून तात्या आज आहेत. गळ्याला गुंडाळलेला असता तर काय झालं असतं, हे आजही रात्री आठवतं. त्या दिवशी काम तिथंच थांबवलं. तिसऱ्या दिवशी नवीन गार्ड आणलं, साखळ्या स्वतः अडकवल्या आणि ते हातानं मोकळं फिरतंय ना, हे रोज सकाळी ट्रॅक्टर बंद असतानाच बघतो.

तेव्हापासून नियम घातलाय: मशीनजवळ टॉवेल, ओढणी, सुटा पदर, लांब बाहीचा सैल सदरा चालणार नाही. कामाला येणाऱ्या मावश्यांना मी गाठी ट्रॉलीतून खाली द्यायचंच काम देतो, शाफ्टच्या बाजूला कुणालाच उभं करत नाही. चालू शाफ्टवरून ओलांडून जायचं नाही, लांबचा वळसा पडला तरी.

गाठ अडकली की सगळ्यांचाच हात आपोआप पुढं जातो. आमची पद्धत ठरलेली आहे. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. त्यानंतरही रोटर, म्हणजे पाचट फोडणारे हॅमर बसवलेला आतला फिरता भाग, जड असल्यामुळं फिरतच राहतो, आमच्या मशीनला थांबायला दीड मिनिट लागतं. आवाज गेला म्हणजे रोटर थांबला असं नाही, डोळ्यानं बघायचं. गाठी टाकायचा टेबल कंपनीनं फारच आखूड दिलाय, ही माझी मोठी तक्रार आहे. रहिमतपुरात वेल्डिंगवाल्याकडून तो 3 फूट वाढवून घेतला. आता ढकलायला लाकडी दांडकं वापरतो, हात किंवा पाय नाही.

दोरीचं सांगायलाच हवं. प्रत्येक गाठीला नायलॉनच्या दोन दोऱ्या असतात. त्या कापून ओढून काढायच्या आणि पोत्यात टाकायच्या. दिवसअखेर मोजतो, गाठी 40 तर दोऱ्या 80. एक जरी आत गेली तर ती कुट्टीतून जनावराच्या पोटात जाऊ शकते किंवा रोटरला गुंडाळते. चैत्रात आमची एक राहिली. रोटरच्या टोकाला गुंडाळून ती बेअरिंगच्या सीलमध्ये शिरली, ग्रीस बाहेर आलं, बेअरिंग तापलं आणि बारीक धूर दिसला. भोवती वाळलेल्या पाचटाचा ढीग! 200 लिटरचं पाण्याचं बॅरल आणि दोन बादल्या शेजारी होत्या म्हणून निभावलं. आता अग्निशामक सिलिंडरही ट्रॅक्टरला बांधलाय. दर दोन तासांनी सगळं थांबवून रोटर आणि बेअरिंगभोवतीचा भुसा झाडतो. रेडिएटरची जाळीही तेव्हाच साफ करतो, नाहीतर तापमानाचा काटा चढतो. एअर फिल्टर संध्याकाळी.

देखभालीत क्रॉसना दर 8 तासांनी ग्रीस, शाफ्टच्या आत सरकणाऱ्या नळ्यांनाही. शेअर बोल्ट तुटला म्हणून एकदा दुकानातून जास्त मजबूत बोल्ट आणून टाकायचा मोह झाला होता. तो टाकू नका. शेअर बोल्ट जास्त जोर आला की तुटण्यासाठीच आहे, तो तुटला नाही तर गिअरबॉक्स तुटतो. पुस्तिकेत लिहिलेल्या मापाचे आणि ग्रेडचे 10 बोल्ट डब्यात ठेवलेत. हॅमर बदलताना समोरासमोरची जोडी एकदम बदला. मी एकच बदलला आणि मशीन इतकं थरथरलं की लगेच बंद केलं. मग वाण्याच्या काट्यावर सगळे हॅमर तोलून सारख्या वजनाच्या जोड्या लावल्या. हे काम करताना रोटरखाली लाकडी ठोकळा घालतो, नाहीतर तो फिरून बोटं सापडतात.

पावसात भिजलेल्या, बुरशी आलेल्या गाठी मी वापरत नाही. जनावरांना तर नाहीच, पण त्या फोडताना उडणारी धूळ माणसाच्या छातीलाही वाईट. चांगल्या गाठींनाही मास्क आणि चष्मा लागतोच, कारण पाचटातून खडे येतात आणि ते बाहेर पडताना जोरात उडतात. मशीनच्या कुट्टी बाहेर पडणाऱ्या तोंडाच्या दिशेला कुणी नको.

डिझेल तासाला साडेचार ते पाच लिटर जातं. एक-दोन एकरवाल्यानं विकत घेण्यापेक्षा भाड्यानं आणावं, पण येणाऱ्या मशीनच्या शाफ्टवर गार्ड आहे का ते बघूनच. माझं म्हणाल तर मी परत घेईन, टेबल आखूड असूनही. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी रोटरची दोन्ही बेअरिंग बदलणार आहे. चैत्रातलं ते एक बेअरिंग अजून हलका आवाज करतंय.