लिव्हिंग विल करून देणाऱ्या वकीलबाई : माझा अनुभव

आमचे भावजी सतरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. निर्णय कुणी घ्यायचा यावरून जावेनं नि पुतण्यानं अबोला धरला, तो अजून सुटलेला नाही. म्हणून मी वकीलबाईंकडे माझं लिव्हिंग विल केलं, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही अशा आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालानुसार दंडाधिकाऱ्यांची सही लागायची. 2023पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. बाईंनी घाई केली नाही. ‘नळीनं अन्न चालेल का?’ असं एकेक विचारलं, मला रडू आलं तेव्हा थांबल्या. माझ्या वतीनं बोलायला धाकटी लेक, सोबत भाचा. मसुद्यात लेकीचं नाव चुकलं, दुसरी खेप पडली. महापालिकेत प्रत द्यायचं मात्र मलाच विचारावं लागलं. एक प्रत आता लेकीच्या कपाटात आहे.