अंड्यात सुई की नळीत अर्क?

मेंदूतल्या प्रौढ पेशींनी विभाजन कधीच सोडलेलं असतं. पण त्यांचं केंद्रक झेनोपस बेडकाच्या अंड्यात टोचलं की ते फुगतं आणि डीएनएची प्रत काढू लागतं. ग्रॅहम, आर्म्स आणि गर्डन यांनी १९६६ साली हे दाखवलं. पेशीद्रव हे कसं घडवतं याचा अभ्यास करायचा, तर केंद्रक जिवंत अंड्यात टोचायचं की अंडी चिरडून काढलेल्या अर्कात सोडायचं? मी दोन्ही केलंय.

टोचण्याचा हात सरावाने बसतो, त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती बलकाची. जेमतेम सव्वा मिलिमीटरचं अंडं, पण बलकाने इतकं ठासून भरलेलं की आतलं काहीच दिसत नाही. केंद्रक फुगलं का, हे बघायलाही अंडं रसायनाने आहे तसं पक्कं (फिक्स) करून मेणात बसवायचं, काप घ्यायचे आणि एकेक काप धुंडाळायचा. एवढं करून केंद्रक सापडलं नाही, तर ते टोचतानाच फाटलं की आत गेल्यावर विरलं, हे कळायला मार्ग नाही. शिवाय प्रत्येक वेळबिंदूसाठी नवं अंडं लागतं. मी अर्काकडे वळलो तो यामुळेच.

अर्कासाठी सिस्टीन या अमिनो आम्लाच्या द्रावणात अंड्यांभोवतीची जेली काढून अंडी सेंट्रिफ्यूजमध्ये फोडतात. वर पिवळी चरबी, तळाशी बलक. मधला थर सुईने अलगद ओढून घ्यायचा. त्यात आवरण काढलेली शुक्राणूंची केंद्रकं सोडली की त्यांच्याभोवती नवं आवरण तयार होतं आणि साधारण तास-दीड तासात बरीचशी प्रत निघते. त्याच नळीतला थेंब घेऊन हवं तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ब्लो आणि लास्की यांनी १९८६ मध्ये ही वाट पक्की केली.

त्याहून मोलाचं म्हणजे अर्कातून एखादं प्रथिन काढता येतं. एमसीएम हा डीएनएची प्रत काढायला लागणारा प्रथिनांचा संच प्रतिपिंडाने ओढून घेतला की प्रत थांबते; शुद्ध एमसीएम परत घातलं की सुरू होते. अंड्यात हा साठा आईकडून तयारच येतो, तो टोचण्याआधी उपसणार कसा?

अर्कातही खोड आहे. एका मादीची वाईट अंडी मिसळली तर अख्खी खेप वाया जाते, आणि प्रौढ पेशींची केंद्रकं शुक्राणूंच्या मानाने मंदच चालतात. केंद्रकापासून भ्रूण वाढतो का, हा प्रश्न असेल किंवा हाताशी मोजकीच केंद्रकं असतील, तर सुईच घ्यावी. पण प्रश्न प्रत सुरू कशी होते हा असेल, तर मला वाटतं आधी अर्क करून बघा, तोही शुक्राणूंच्या केंद्रकांवर.