पोटगीसाठी फॅमिली कोर्ट की डीव्ही (घरगुती हिंसाचार) केस?

मैत्रिणीने काल रात्री विचारलं, पोटगी कुठे मागू, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

फॅमिली कोर्टात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) 125, यात मुख्य विषय पैशाचा, तुझा आणि मुलांचा खर्च. नवऱ्याने थकवला तर वॉरंट निघतं, जेलही होऊ शकते, फक्त थकबाकी 1 वर्षाच्या आत मागायची. पण मुलांचा ताबा मागायचा तर अर्ज वेगळा.

2005 च्या डीव्ही कायद्यात मॅजिस्ट्रेटकडे एकाच अर्जात मारहाण थांबवायचा आदेश, राहत्या घराचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा सगळं मागता येतं, संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात. कायद्यात 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न असं लिहिलंय, तारखा मात्र त्याहून लांबतात गं, मनाची तयारी ठेव.

खर्चाचं म्हणशील तर बाईला सरकारकडून वकिलाची मदत फुकट, दोन्हीकडे. आणि दोन्हीकडे उत्पन्नाचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं, म्हणून शाळेच्या फीच्या पावत्या, औषधाची बिलं, पासबुक आजच एका पिशवीत घाल आणि आईकडे ठेव.

घरात हात उचलला जातोय किंवा घराबाहेर काढायची भीती आहे तर आधी डीव्ही. वेगळी सुरक्षित राहतेयस, प्रश्न फक्त दरमहा पैशाचा, तर 144 पुरे.