भजनासाठी व्हिडिओ कॉल: टाळेबंदीपासून आजपर्यंतचा अनुभव

जुळे सोलापुरातील आमच्या महिला भजनी मंडळात चौदा जणी आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, मंदिराचा सभामंडप बंद झाला आणि दर गुरुवारचे भजन व्हिडिओ कॉलवर आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ही सोय आम्ही आजही वापरतो. एखाद्या मंडळाला ती करावीशी वाटत असेल, तर तीत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे अनुभवावरून लिहिते.

पहिला प्रश्न संख्येचा होता. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर तेव्हा चौघांनाच एकत्र येता येत होते. एप्रिल २०२० च्या अखेरीस ती मर्यादा आठवर गेली, तरी आमच्या सहा जणी बाहेरच राहिल्या असत्या. म्हणून झूम घेतले. त्याच्या विनामूल्य खात्यावर १०० जण बसू शकतात, मात्र बैठक ४० मिनिटांनी संपते. ही मर्यादा आमच्या पथ्यावरच पडली, कारण मंदिरात ‘आणखी एक अभंग’ म्हणता म्हणता दहा वाजत आणि घरोघरी भाकऱ्या व्हायच्या राहत. वेळ मात्र रात्री आठनंतरची ठेवावी लागली, कारण बहुतेक घरांत चांगला फोन एकच होता आणि दिवसभर त्यावर मुलांच्या शाळेचा हक्क होता.

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओ कॉलवर सर्वांना एका तालात गाता येत नाही, आणि हा दोष कोणा एका ॲपचा नाही. आवाज इंटरनेटवरून पलीकडे पोहोचेपर्यंत सेकंदाचा काही अंश जातो. बोलताना तो फारसा जाणवत नाही. पण एकत्र गाणाऱ्यांना तीसेक मिलिसेकंदांहून अधिक उशीर अडू लागतो आणि कॉलवर तो त्याच्या कितीतरी पट असतो. पहिल्या गुरुवारी चौदा घरांतून चौदा वेळा ‘विठ्ठल’ ऐकू आला. शिवाय बोलणे स्पष्ट यावे म्हणून ही ॲप्स इतर आवाज दाबतात, आणि त्यांच्या लेखी टाळ म्हणजे भांडी पडल्याचा गोंगाट. झूममधील ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय सुरू केल्यावर टाळ आणि पेटी बऱ्यापैकी ऐकू येऊ लागली.

तालावर तोडगा असा निघाला की म्हणणारीचा माइक चालू आणि बाकी सर्वांचा बंद. ऐकणाऱ्यांची त्यात चांगली सोय होते. पण पेटीवाल्या अक्कांनी तिसऱ्याच आठवड्यात सांगितले, “तुमचे ओठ हललेले दिसतात गं, पण पाठीमागं कुणीच नाही असं वाटतंय.” भजनात ध्रुपद मागच्यांनी उचलायचे असते आणि तेवढ्यात पुढची श्वास घेते, माइक बंद ठेवल्यावर तिला तो आधारच राहत नाही. १ जुलै २०२० च्या आषाढीला, म्हणजे पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या त्या वर्षी, आम्ही शेवटच्या गजराला सगळ्यांचे माइक उघडले. ताल कुठेच नव्हता, कोणाच्या तरी कुकरची शिट्टीही त्यात मिसळली, आणि तेव्हापासून तो बेताल गजर कोणी बंद करू देत नाही.

२०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातील निर्बंध उठले आणि आम्ही सभामंडपात परतलो, पण फोन स्टँडवर लावणे सुरूच राहिले. एक जण लेकीकडे हैदराबादला राहायला गेल्या आहेत, तर दुसऱ्या एकींना गुडघ्यांमुळे तीन जिने उतरवत नाहीत. या दोघींपुरते मी या सोयीला पूर्ण गुण देईन. इतरांच्या बाबतीत माझे मत इतके उदार नाही. जरा भुरभुर झाली (सोलापुरात पाऊस पडतो तरी किती!) की तिघी-चौघी ‘आज फोनवरूनच’ म्हणतात. भजनानंतर पायऱ्यांवर जे बोलणे होते, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचे टॉवेलचे माग बंद पडले, ते त्यांना कळतही नाही, कारण प्रसाद वाटायला घेतला की आधी फोन बंद केला जायचा. म्हणून आता नियम केला आहे: परगाव आणि आजारपण ही दोनच कारणे चालतील, आणि प्रसाद वाटून होईपर्यंत फोन चालू राहील. त्यासाठी ४० मिनिटे संपली की कॉल पुन्हा जोडावा लागतो. ते काम माझ्याकडे आहे.