लेक लेनियर, विणीनंतरचा बास आणि बारकी आमिषं: एका हंगामाचा अनुभव

अमेरिकेत अटलांटाच्या उत्तरेला लेक लेनियर या तलावावर गळ टाकणाऱ्यांसाठी लिहितोय. बास माशाच्या जातींपैकी इथे लार्जमाउथपेक्षा स्पॉटेड बास जास्त आणि पाणी बऱ्यापैकी नितळ. एप्रिल सरता सरता बहुतेक वीण आटोपते. नर काठाशी पिल्लांची राखण करत राहतात, दमलेल्या माद्या खोल पाण्याकडे सरकतात आणि वाटेत पॉइंटवर (पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर), बोटींच्या धक्क्यांच्या सावलीत थबकतात. अशा मादीसमोरून मोठं खडखडतं ल्युअर (नकली आमिष) कितीही वेळा न्या, ती ढिम्म. म्हणून मागच्या मेपासून बहुतेक वेळ नेड रिग, वॅकी आणि ड्रॉप शॉट या बारक्या आमिषांच्या तीन पद्धतीच वापरल्या.

सगळ्यात आधी पैसे वसूल झाले ते नेडचे. कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावाची ही पद्धत. चपट्या डोक्याचा हलका जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) आणि त्यावर मऊ आमिषाचा पावणेतीन इंची तुकडा, बस्स. इलॅझटेक या ताणल्या जाणाऱ्या मटेरियलचा तुकडा तरंगतो, त्यामुळे डोकं तळाला टेकलं की शेपूट वर उभी राहते. मग हात आवरायचा, आणि तेच अवघड! वजन 1/10 औंस. वारा पडला असेल तर 1/16. जड डोकं घेतलंत की खडकात अडकलंच. आणि हे तुकडे साध्या प्लॅस्टिकच्या अळ्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, वितळून लगदा होतो.

धक्क्यांखाली मात्र वॅकीच. पाच इंची, मीठ घातलेली प्लॅस्टिकची अळी मधोमध गळाला लावायची, धक्क्याच्या खांबाशी टाकायची आणि लाइन सैल सोडायची. अळी दोन्ही टोकं हलवत बुडते. हाताला काही कळत नाही, नजर लाइनवर ठेवावी लागते. ती जराशी बाजूला सरकली किंवा तळ यायच्या आत थांबली, की समजायचं घेतलं. हिसका नको, रीळ गुंडाळत रॉडवर भार द्यायचा. अळी मऊ असल्याने एकदोन माशांत फाटते, कंपनी कुठलीही असो. मधे रबरी रिंग घातली तर जरा टिकते.

ड्रॉप शॉट जूनमध्ये, मासा वीस-तीस फुटांवर गेला की. गळाखाली फूटभर अंतरावर शिसं. लेनियरच्या तळाशी बुडालेली झाडं अजून उभी आहेत, शिशांचा खर्च धरूनच चला.

सात फुटी मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, 10 पाउंडाची ब्रेड (विणलेली लाइन) आणि 8 पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर (गळाकडच्या टोकाला जोडायची लाइन) एवढ्यात तिन्ही भागतात.

एक अपवाद. मेच्या सकाळी ब्लूबॅक हेरिंग हे छोटे मासे उथळ पॉइंटवर अंडी घालायला येतात आणि बास त्यांच्यावर पृष्ठभागावर तुटून पडतो. तेव्हा हे सगळं बाजूला ठेवा, टॉपवॉटर (पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारं आमिष) फेका.