कियाजेनचं डीएनीझी ब्लड अँड टिश्यू किट: पाली-सरड्यांच्या नमुन्यांसाठी कसं आहे?

पाल नव्या प्रजातीची आहे की नाही हे १६एस किंवा एनडी२ जनुकाच्या तुलनेतून तपासायचं, तर आधी तिच्या टिश्यूतून स्वच्छ डीएनए निघायला हवा. ते काम हे किट चोख करतं. जुन्या पद्धतीतलं फिनॉल-क्लोरोफॉर्म हाताळावं लागत नाही, बफर (किटमधली द्रावणं) फ्रीजबाहेर टिकतात.

यकृत किंवा शेपटीचं टोक, जास्तीत जास्त २५ मिलिग्रॅम, बारीक चिरा आणि त्यातलं इथेनॉल उडू द्या. १८० मायक्रोलिटर एटीएल बफर आणि २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं विकर) घालून ५६ अंश सेल्सिअसला ठेवा. यकृत लवकर विरघळतं. शेपटीचे खवले आणि हाडं रेंगाळतात, तिथे रात्रभर ठेवणंच बरं. न विरघळलेला चोथा कॉलममध्ये (डीएनए धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या नळीत) गेला की कॉलम तुंबतो, म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून फक्त वरचं पाणी घ्या. रक्त वापरणार असाल तर ५ ते १० मायक्रोलिटर पुष्कळ झालं: या प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, जास्त रक्ताने कॉलम चोंदतो.

पुढे एएल बफर २००, इथेनॉल २००, हे मिश्रण कॉलममध्ये, मग एडब्ल्यू१ आणि एडब्ल्यू२ ची ५००-५०० मायक्रोलिटरची धुणी. ही दोन्ही बफर संहत (कॉन्सन्ट्रेटेड) येतात. बाटलीत इथेनॉल मिसळायचं राहिलं तर धुताना डीएनएच वाहून जातो. एडब्ल्यू२ नंतर ३ मिनिटं पूर्ण वेगाने फिरवण्यात कसूर नको. उरलेलं इथेनॉल पुढे पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवण्याची क्रिया) बिघडवतं. एएल आणि एडब्ल्यू१ मध्ये ग्वानिडीन असतं, त्यांच्या सांडपाण्यात ब्लीच चुकूनही ओतू नका.

शेवटी कॉलममधून डीएनए सोडवायला २०० मायक्रोलिटर एई बफर घाला असं माहितीपत्रक म्हणतं. नखाएवढ्या तुकड्याला ते फार, डीएनए पातळ होतो. ५० ते १०० पुरे. प्रत्येक खेपेला एक नळी टिश्यूविना चालवा. पीसीआरनंतर जेलवर तिचीही पट्टी उमटली तर ती खेप बाद.

फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या जुन्या संग्रहालयीन नमुन्यांसाठी मात्र हे किट घेऊ नका. त्यांतला डीएनए तुकडे-तुकडे झालेला आणि प्रथिनांना जखडलेला असतो, आणि अगदी छोटे तुकडे कॉलम धरत नाही. म्हणून जंगलातच, फॉर्मॅलिन लावण्याआधी, टिश्यू ९५ टक्के इथेनॉलमध्ये घाला आणि नमुना क्रमांक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत टाका. शाई इथेनॉलमध्ये उतरते, आणि क्रमांक गेला की तो डीएनए कोणत्या पालीचा हे कुठलंच किट सांगू शकत नाही.