नऊ मोलचा ड्रम : आठ महिन्यांनंतर

जानेवारीत एका सकाळी पोरानं कापड धुवायच्या रसायनाचा, लॉरिल अल्कोहोल इथॉक्सिलेटचा, ड्रम आडवा केला, बूच काढलं, आणि थेंबही बाहेर आला नाही. आत काठी घातली तर थिजलेला डालडा. जिगरवर (कापड धुवायच्या-रंगवायच्या यंत्रावर) लॉट चढायचा होता, त्यामुळे डीलरला फोनवर जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मेण मिसळता का, हे त्यातल्या त्यात सभ्य. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, नऊ मोल आहे. थंडीत बसणारच." मोल म्हणजे रेणूला इथिलीन ऑक्साइडच्या किती कड्या जोडल्यात तो आकडा.

मुळात हा माल हौसेनं घेतलेला नाही. आमचं थोडं टॉवेलचं काम युरोपला जातं. तिकडे २०२१ पासून धुण्याजोग्या कापडात नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट (आमच्या जुन्या धुलाईच्या मालातलं रसायन) ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही. पार्टीनं लेखी मागितल्यावर जुना माल बंद करून लॉरिल अल्कोहोलवाला आणला. किलोमागे अकरा रुपये जास्त.

पहिला ड्रम सात मोलचा घेतला, कारण तो स्वस्त पडला. ही माझी चूक. बोअरच्या जड पाण्यात साबणासारखा साका धरत नाही हे पाहून पहिले दोन महिने मी जाम खूश होतो. या रेणूवर विद्युतभारच नाही, म्हणून पाण्यातलं कॅल्शियम त्याचं काही बिघडवत नाही. मग मरून शेडमध्ये डाग यायला लागले. मास्तर म्हणाले मागावरचं तेल. खरं निघालं भलतंच. स्टीलच्या पेल्यात एक टक्का द्रावण करून थर्मामीटर लावून तापवलं, तर ५४ अंशांना दुधासारखं झालं. यालाच क्लाउड पॉइंट म्हणतात. त्याच्या वर माल पाण्यातून सुटून वेगळा होतो. आम्ही स्काउरिंग, म्हणजे कापडातलं तेल-मेण काढायची गरम धुलाई, करतो ९५ ला, वर कॉस्टिक सोडा, ज्यानं हा आकडा आणखी खाली येतो. तेल उचलायचं सोडून तो तेलासकट कापडावरच बसत होता.

नऊ मोलचा पेला ७८ ला ढगाळला. इथिलीन ऑक्साइडच्या कड्या वाढल्या की पाण्याशी मैत्री वाढते. हिशोब वहीत करता येतो, रेणूभार धरून: बारा कार्बनचं अल्कोहोल १८६, प्रत्येक कडी ४४. कड्यांच्या वजनाच्या टक्केवारीला पाचनं भागलं की एचएलबी, म्हणजे पाण्याकडे किती ओढ आणि तेलाकडे किती याचा आकडा; जास्त तेवढी पाण्याकडे. सातला साडेबारा, नऊला १३.६. तरी ७८ म्हणजे ९५ नव्हे. म्हणून आता थोडा अ‍ॅनायॉनिक (ऋण विद्युतभाराचा धुलाईचा माल) जोडीला घालतो, त्यानं क्लाउड पॉइंट वर सरकतो. डाग गेले.

पण ज्या कड्यांनी उकळीत तग धरला, त्याच थंडीत लवकर थिजतात. सात मोल सकाळी नुसता दाटायचा, नऊचा दगड. आणि खरा त्रास पुढे आहे. अर्धवट वितळलेल्या ड्रममधून वरवरचं काढून आम्ही पंधरा दिवस वापरलं. धुलाई फिकी पडली, पाण्याचा थेंब कापडावर नुसता बसून राहायचा. माझा अंदाज असा की कमी कड्यांचा भाग आधी वितळून वर आला आणि कामाचा भाग तळाशी राहिला. तेव्हापासून गरम पाण्याच्या हौदात पूर्ण पातळ करून, फळीनं ढवळूनच काढायचं. थेट वाफ मारायची नाही.

दुसरी खोड जेलीची. मालात थोडं थोडं पाणी घातलं की निम्म्यावर अशी घट्ट जेली होते की ढवळणी उभी राहते. मेहुणा फरशी क्लीनर बनवतो, त्यानं यात एक मोटर जाळली. कोमट पाणी आधी, माल मागून, धार बारीक. हाच पदार्थ तो क्लीनरला वापरतो, कीटकनाशकवाले तेल पाण्यात धरून ठेवायला, लोखंडवाले ग्रीस काढायला. दोन-तीन मोलचा असेल तर त्यापासून शाम्पूतलं एसएलईएस हे फेसाचं रसायन बनतं. मला काय, माझं काम स्काउरिंगचं. सॉफ्ट फ्लोवाल्यांनी (पंपानं पाणी फिरवून कापड धुणारं यंत्र) मात्र फेस आधी बघावा, पंप हवा ओढतो.

पुन्हा घेईन का? घेतलाय. दिवाळीपासून ड्रम बॉयलरच्या भिंतीला लावून ठेवायचा ठरलंय. रिकाम्यात भरपूर गरम पाणी घालून खळबळलं की दीड-दोन किलो माल निघतो, तो टाकीत ओततो. ड्रम लख्ख होऊन परत जातो, तरी डीलर डिपॉझिटमधून धुलाईचे पैसे कापतोच.